उंची, वेतन आणि न्याय : पोलीस भरतीच्या निकषाची चिकित्सा (विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

उंच व्यक्तीस अधिक वेतन मिळते, हे अर्थशास्त्रातील एक सुपरिचित निरीक्षण आहे. त्याच्या कारणांविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. पर्सिको, पोस्टलवेट व सिल्व्हरमन यांनी २००४ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील गोऱ्या पुरुषांच्या माहितीवरून असे दाखविले, की वेतनाशी खरा संबंध प्रौढपणीच्या नव्हे तर किशोरवयातील उंचीचा आहे. अॅन केस व क्रिस्टिना पॅक्सन यांनी २००८ मध्ये हे कारण आणखी मागे, बालपणात नेले. पोषण व आरोग्य चांगले लाभलेल्या बालकाची उंचीही वाढते आणि बौद्धिक क्षमताही. मोबदला मिळतो तो क्षमतेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन गोंदिया जिल्ह्यास लावून पाहिले असता अपुरे वाटते. येथे तेंदूपत्त्याची मजुरी पुड्यांवर ठरते, विडीची हजारावर. तेथे उंची कोणी विचारीत नाही. ती विचारली जाते ती नेमकी जेथे कायम वेतन आहे तेथे, म्हणजे पोलीस भरतीत. जिल्हा पोलीस शिपाईपदासाठी पुरुष उमेदवाराची किमान उंची सर्वसाधारणपणे १६५ सें.मी. आहे, ज्याचा गट क्र. १५ गोंदियातच आहे त्या राज्य राखीव पोलीस बलासाठी १६८ सें.मी. भारतीय प्रौढ पुरुषाची सरासरी उंचीच १६५ सें.मी.च्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या पट्टीखाली किती तरुण आधीच वगळले जातात याची कल्पना यावी. मोजमापात एक सेंटीमीटर कमी भरलेल्या उमेदवाराची धाव कोणी पाहत नाही. क्षमतेला मोबदला मिळतो, हा केस-पॅक्सन यांचा युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. कारण क्षमता तपासण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

पट्टीला जात कळत नाही, वशिला कळत नाही, असे या निकषाचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे, आणि भरतीविषयीचा अविश्वास पाहता ते हलकेही नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची वाढ खुंटलेली होती. देवरी वा सालेकसा तालुक्यातील बालकाला अंगणवाडीत जे पुरेसे मिळाले नाही, त्याचा हिशेब अठराव्या वर्षी त्याच्याच शरीरावर मांडला जातो. हिशेब मांडणारे शासन आणि ते पोषण पुरविण्याची जबाबदारी असलेले शासन एकच आहे.

निकषाविरुद्धचा सर्वांत प्रबळ पुरावा शासनाच्याच नियमांत आढळतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत सर्वसाधारण पुरुषास १७० सें.मी., अनुसूचित जमातीच्या उमेदवारास १६२.५ सें.मी. आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील अनुसूचित जमातीच्या उमेदवारास १६० सें.मी. उंची पुरते. बंदूक तीच, जंगल तेच, वेतनश्रेणीही (२१,७०० ते ६९,१०० रुपये) तीच. १६० सें.मी.चा जवान हे काम करू शकतो, हे शासनास मान्य असेल, तर उरलेले दहा सेंटीमीटर नेमके काय मोजत होते? सवलत म्हणून जे दिले जाते, ते वस्तुतः निकष निराधार असल्याची कबुलीच आहे. शिवाय ही सवलत जमातीच्या प्रमाणपत्रास मिळते, कुपोषणास नव्हे; शेजारच्या घरातील भूमिहीन पण बिगर-आदिवासी मुलाला तिचा उपयोग नाही.

इतरत्र हा प्रश्न न्यायालयांनी हाताळला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अलाबामातील तुरुंगरक्षकपदासाठीची ५ फूट २ इंचांची अट स्त्रियांबाबत भेदभाव करणारी ठरविली. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ग्रीक पोलिसांच्या १७० सें.मी.च्या सरसकट अटीबाबत म्हटले, की शारीरिक योग्यता उंचीशी अपरिहार्यपणे जोडलेली नसते आणि ती प्रत्यक्ष चाचणीने तपासता येते. आपल्याकडे तर अशी चाचणी आधीपासूनच अस्तित्वात आहे : धावणे आणि गोळाफेक. फक्त ती पट्टीच्या नंतर घेतली जाते.