परतीच्या फेरीची कला

आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडून दिघीच्या धक्क्याकडे येऊ लागते, तेव्हा तिच्यावरील बहुतेक प्रवाशांच्या हातांतील मोबाइल एकाच दिशेस वळलेले असतात. खाडीच्या मुखाशी पाण्यातून उभ्या राहिलेल्या जंजिऱ्याच्या तटाकडे. तो तट चित्रात धरून ठेवावा इतका देखणा आहे, यात शंका नाही. परंतु ज्या धक्क्यावर हे प्रवासी उतरणार, तेथे फाटके जाळे सांधीत बसलेला तांडेल, मासळीची टोपली डोईवर घेऊन एसटीची वाट पाहणारी कोळीण आणि २०२१ साली नव्या मालकाच्या हाती गेलेले दिघीचे खासगी बंदर, या कोणाकडेही त्या शेकडो डोळ्यांपैकी एकही वळत नाही. दिघीचे नाव केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या बारा औद्योगिक नगरांच्या यादीत आले, म्हणजे या मुलखाचा सातबारा, रस्ता आणि किनारा या तिहींचे रूप पुढल्या काळात पालटणार. आणि ते पालटत असता या गावांची स्वतःची प्रतिमा कोणापाशी असेल, या प्रश्नाने मला प्रस्तुत विषयाकडे नेले.

चित्र, चित्रपट आणि छायाचित्र यांच्या योगे समाज बदलतो, हे विधान आपल्याकडे पारितोषिक-समारंभांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची परीक्षा करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ती परीक्षा महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवावर घासून केली, तर माझ्या मते एकच कसोटी शिल्लक राहते. ज्यांचे दुःख चित्रित झाले त्यांच्या दारी ती कलाकृती परत आली काय, आणि आली तेव्हा तिला झेलून पुढे नेणारी एखादी चळवळ तेथे उभी होती काय?

आपल्या पूर्वसूरींना ही कसोटी कोणी शिकवावी लागली नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, त्यात भोळ्या कुणबी दांपत्यास फसविणारा जोशी होता आणि त्यांना शाळेची वाट दाखविणारे शहाणपणही होते. पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर त्या विचाराला तमाशाच्या अंगाचा जलसा मिळाला. महाडच्या चवदार तळ्यावर, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पाण्यासाठी जो सत्याग्रह झाला त्याची वार्ता वृत्तपत्र न वाचणाऱ्या वस्त्यांत पोचविण्याचे काम भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले, ते गिरणगावातील कामगारांमधूनच. या सर्वांत गाणारा आणि ऐकणारा एकाच चाळीचे, एकाच वाडीचे असत. खेळ संपल्यावर तेथेच सभा भरे, वर्गणी गोळा होई, ठराव होई. येथे कला समाजापर्यंत ‘पोचविण्याचा’ प्रश्नच नव्हता, कारण ती तेथून दूर गेलेलीच नव्हती.

चित्रपट आला आणि हे नाते ताणले गेले, तुटले मात्र नाही. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ साली पडद्यावर आला, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरील त्या चित्रपटात शांता आपट्यांनी रंगविलेली नीरा म्हाताऱ्या वराशी लागलेले लग्न मनाने मानण्यास ठाम नकार देते. याच विषयावरील देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर येऊन तेव्हा जवळजवळ चार दशके लोटली होती, आणि मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा कायदाही १९२९ मध्येच संमत झालेला होता. म्हणजे कायदा आधी आणि चित्रपट मागाहून. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ची गोष्टही तशीच, १९५७ च्या या चित्रपटाच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंदिवानांच्या खुल्या वसाहतीचा प्रयोग सुरू झालेला होता. यावरून कलेचे महत्त्व उणे होते असे मी म्हणत नाही. सरकारी हुकूम उंबरठ्यापर्यंतच जातो आणि माजघरात त्याचा अंमल चालत नाही. तेथे नीरेचा नकार पोचला, ही ‘कुंकू’ची खरी कामगिरी होय.

स्थिर चित्राची वाट अधिक बिकट. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद यांनी मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरून उपाशी माणसांची रेखाटने केली, आणि त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा ते सरकारने जप्त करून नष्ट केले. राज्यकर्त्यांनी चित्राच्या सामर्थ्याला दिलेली याहून मोठी पावती कोणती? पुढे हे चित्रकार मुंबईस येऊन अंधेरीत राहिले, आणि त्याच दुष्काळावर अण्णा भाऊंनी मराठीत पोवाडा रचला. आपल्या काळात हा वारसा सुधारक ओलवे यांच्या कॅमेऱ्याने चालविला. मुंबईच्या सफाई कामगारांना त्यांनी कचऱ्याच्या ढिगात, गटारात आणि त्यांच्या घरात वर्षानुवर्षे सोबत राहून टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कृष्णधवल छायाचित्रांत दैन्य आहे, परंतु दैन्याचे प्रदर्शन नाही, कारण समोरचा माणूस छायाचित्रकाराला ओळखतो हे त्याच्या नजरेत दिसते. ओळखीशिवाय टिपलेले दुःख हे पाहणाऱ्याला हळहळ देते. ओळखीने टिपलेले दुःख त्याला जाब विचारते.

अनुबोधपटांत आनंद पटवर्धन यांचे काम या कसोटीवर सर्वांत खरे उतरते. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्या घटनेपासून निघून पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रण केले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. या चित्रपटाचे मोठेपण त्याच्या लांबीत वा धैर्यात जेवढे आहे, तेवढेच तो मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत त्याच लोकांपुढे दाखविला गेला यात आहे. जलशांचा इतिहास सांगणारा चित्रपट जलशाच्याच मार्गाने परत गेला.

नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’ने आणि ‘सैराट’ने मराठी चित्रपटास जो मोठा प्रेक्षक दिला, त्याचे मोल मी कमी मानीत नाही. ‘फॅन्ड्री’च्या अखेरीस त्याचा नायक जब्या याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, आणि आपण पाहणारे आहोत की आरोपी, हा प्रश्न तो निर्माण करतो. परंतु २०१६ चा एप्रिल महिना आठवा. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सैराट’ लागला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक संमत केले. एकीकडे थिएटरांत सारा महाराष्ट्र रडत होता, दुसरीकडे जातपंचायतींनी आणि गावकीने वाळीत टाकलेली कुटुंबे वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवून, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने, या कायद्यापर्यंत पोचली होती. या दोन घटना एकमेकींना भेटल्या नाहीत, ही आजच्या कलेच्या स्थितीवरील माझी मुख्य तक्रार आहे.

आणि ही तक्रार रायगडात अधिकच बोचते, कारण वाळीत टाकल्याच्या ज्या फिर्यादींमुळे हा कायदा आवश्यक ठरला, त्यांतील कितीतरी याच जिल्ह्यातील गावांतून आलेल्या होत्या. बहिष्कार हा अन्यायाचा असा प्रकार आहे की त्याचे छायाचित्र निघत नाही. कोणी कोणाला मारीत नाही, रक्त सांडत नाही. फक्त शिमग्याची पालखी एका दारावरून पुढे जाते, दुकानदार माल देत नाही, मयताला खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. कॅमेरा जे आहे ते दाखवितो. जे घडू दिले गेले नाही ते दाखविण्यास कथा लागते, अभिनय लागतो, लांबलेली शांतता लागते. म्हणून या किनाऱ्याला आज अधिक छायाचित्रांची नव्हे, तर वाळीत टाकलेल्या एका घराच्या रिकाम्या अंगणावर दोन तास थांबण्याचे धैर्य असलेल्या चित्रपटाची गरज आहे, आणि तो त्याच गावच्या चावडीसमोर दाखविण्याची त्याहून अधिक.

चित्रणाचे साधन तर आता घराघरांत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, माडापोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि छपरे उडाली. अशा वेळी घरच्याच मुलाने मोबाइलवर काढलेले छायाचित्र पंचनाम्याच्या कागदाशेजारी पुरावा म्हणून उभे राहू शकते, हे आता खेड्यातील मनुष्यास ठाऊक झाले आहे. मला ही घटना कलेच्या इतिहासात नोंदण्याजोगी वाटते, कारण येथे चित्रित होणारा आणि चित्र काढणारा एक झाला. कच्छच्या आखातातील खलाशांनी आपल्या गलबतांवर मोबाइलने टिपलेली दृश्ये एकत्र करून शाइना आनंद आणि अशोक सुकुमारन यांनी २०१३ मध्ये ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा चित्रपट सिद्ध केला. त्यात समुद्र कोणा पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसत नाही, कामावरच्या माणसाच्या डोळ्यांनी दिसतो. राजपुरीच्या खाडीतील तांडेलाच्या मोबाइलमध्ये असे केवढे भांडार साठून आहे आणि मोबाइल बिघडताच नाहीसे होत आहे, याचा हिशेब कोण ठेवतो?

तात्पर्य, आजची स्थिती मी अशी मानतो: आपल्याकडे दृष्टी आहे, साधने विपुल आहेत, आणि मोठ्या योग्यतेचे कलावंत आहेत, उणीव आहे ती परतीच्या फेरीची. चित्र गावातून निघते, मुंबईच्या दालनात वा परदेशच्या महोत्सवात मान मिळविते, आणि ज्याच्या चेहऱ्याने तो मान मिळविला त्याला त्याची खबरही नसते. जलशाला जी सभा लाभत होती ती चित्रपटाला लाभली पाहिजे. प्रदर्शनाचे कागद गुंडाळून ठेवण्याऐवजी ते तालुक्याच्या शाळेत, एसटी स्थानकात, मासळीबाजारात लागले पाहिजेत. ग्रामपंचायतींनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी आपल्या गावच्या चित्रांची दप्तरे महसुलाच्या दप्तरांइतक्याच काळजीने राखली पाहिजेत, म्हणजे उद्या जमीन आणि किनारा यांचा हिशेब होईल तेव्हा गावापाशी स्वतःचा दस्तऐवज असेल.

कलावंतांस एवढीच विनंती की, ज्याचे चित्र काढले त्याला ते आधी दाखवावे. वाचकांस विनंती ही की, पुढल्या वेळी दिघीच्या फेरीत बसाल तेव्हा जंजिऱ्याचे छायाचित्र अवश्य घ्या, परंतु धक्क्यावर उतरल्यावर तेथील माणसाला त्याचे नाव विचारा, त्याच्या संमतीने त्याचेही एक चित्र घ्या, आणि परत जाताना ते त्याच्या हाती द्या.