तपासणीतून निसटणारे उत्तर

जॉर्ज पोल्या यांचे ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असेच आहे. उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी उत्तराकडे वळून पाहणे, अशा चार पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. आपल्याकडील गृहपाठात चौथी पायरी बहुधा गाळलेलीच असते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की मुलांच्या लेखी उदाहरण संपते. म्हणूनच या पायरीवरचा पोल्यांचा भर मोलाचा वाटतो. पण त्यांनी सुचवलेली तपासणी आपल्या वर्गात पुरी पडेल का?

त्यांचे सुरुवातीचे उदाहरण इष्टिकाचितीच्या कर्णाचे आहे. वर्गखोली हीच इष्टिकाचिती. शिक्षक प्रश्न विचारत जातात आणि विद्यार्थी √(अ² + ब² + क²) या उत्तरापर्यंत पोचतात. मग तपासणी सुरू होते. दिलेली सर्व मापे वापरली का? तिन्ही मापांना उत्तरात सारखेच स्थान आहे का? उंची वाढली की कर्ण वाढतो का? तिन्ही मापे एकाच प्रमाणात वाढवली तर कर्णही त्याच प्रमाणात वाढतो का? उंची शून्य धरली तर आयताच्या कर्णाचे सूत्र मिळते का?

या संवादातले विद्यार्थी मधूनमधून गप्प होतात, पण आडवाटेला जात नाहीत. आपली मुले जातात. वर्ग आणि वर्गमूळ परस्पर ‘काटून’ ती सरळ अ + ब + क असे लिहितात. आता हे उत्तर वरच्या प्रश्नांना लावून पाहा. पहिल्या चारही प्रश्नांत ते उत्तीर्ण होते! पाचव्यात अ + ब उरते; पण जो मुलगा आयताच्या कर्णातही अशीच काटाकाट करतो, त्याला तेही बरोबरच वाटणार. एकच गैरसमज दोन्हीकडे असला, की एक चूक दुसरीला दुजोरा देते.

पोल्यांचे प्रश्न सूत्राची घडण तपासतात, आणि ते काम ते उत्तम करतात. मात्र सूत्र आकृतीशी जुळते का, हे वेगळे विचारावे लागते. ४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच असे पुठ्ठ्याचे खोके घ्या. कडांवरून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा नेला तर १९ सेंमी लागतो. आतून आरपार ताणला तर १३ सेंमी पुरतो. सरळ वाट आणि वळणाची वाट सारखी कशी असेल, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

वहीतल्या लाल फुलीने उत्तर चुकले एवढेच कळते. गृहपाठ परत देताना फुलीशेजारी ‘आकडे घालून आणि मोजून पाहा’ असे लिहिले, तर पोल्यांची चौथी पायरी आपल्या वर्गात खऱ्या अर्थाने उतरेल.