कराचा वाद आणि एक जुना ग्रंथ

राज्याच्या करांविषयी इंदुरात वाद निघाला की पक्ष तत्काळ ठरतात. एक म्हणतो, कर उतरवा, व्यापार वाढेल; दुसरा म्हणतो, सरकारने खर्च केल्यावाचून मागणी वाढावयाची नाही. एकाच्या मुखी ॲडम स्मिथ, दुसऱ्याच्या मुखी केन्स! पैसा कोणाचा व त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे मात्र दोघेही विसरतात.

नेमका हाच प्रश्न, जवळच्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी, ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतिक अर्थकारणावरील आपल्या १९२५ सालच्या इंग्रजी ग्रंथात धसास लावला आहे. १८७१ पासून प्रांतांस मिळालेले आर्थिक स्वातंत्र्य ही बव्हंशी हिशेबाची वाटणी होती, सत्ता वरिष्ठ सरकारचीच राहिली, हे ते साधार दाखवितात. विवेचन रूक्ष खरे, पण कोठेही सैल नाही. उणीव एवढीच की, संस्थाने कक्षेबाहेर राहिल्याने होळकरांचे इंदूर त्यात नाही.

अहिल्याबाईंची देवालये व घाट बव्हंशी खासगीतून उभे राहिले; दौलतीचा हिशेब निराळा. देवकार्यासाठीही राज्याच्या तिजोरीत सरसकट हात घालावयाचा नाही, हा तो विवेक होय.

२०१७ साली आलेल्या वस्तू व सेवा कराच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, निर्णयास मात्र तीनचतुर्थांश बहुमत लागते; केंद्राच्या संमतीवाचून निर्णय होणे नाही. तेव्हा जाब नेमका कोणास विचारावा? ग्रंथ जुना झाला, प्रश्न झाला नाही. देवस्थानाचा जमाखर्च ज्या दक्षतेने आपण ऐकतो, त्याच दक्षतेने राज्याचाही ऐकावा.