अप्रिय नायक आणि वाचकाची सहानुभूती

नायक प्रिय वाटल्यावाचून त्याच्याविषयी सहानुभूती उत्पन्न होत नाही, हा समज अद्भुतरम्य कादंबरीच्या संदर्भात विशेष रूढ आहे. त्याची कसोटी पाहावयाची तर स्टीफन आर. डोनाल्डसन या अमेरिकन लेखकाची १९७७ साली प्रसिद्ध झालेली ‘लॉर्ड फाउल्स बेन’ ही कादंबरी घ्यावी.

तिचा नायक टॉमस कव्हनंट हा कुष्ठरोगाने ग्रासलेला लेखक आहे. उजव्या हाताची दोन बोटे त्याने गमावली आहेत. पत्नी मुलाला घेऊन निघून गेली आहे. गावाने त्याला दूर लोटले आहे. डोनाल्डसन यांचे बालपण भारतात गेले व त्यांचे वडील येथे कुष्ठरुग्णांमध्ये काम करणारे डॉक्टर होते; रोगाचे चित्रण त्यामुळेच नेमके उतरले असावे. इथवर वाचकाची करुणा कव्हनंटला अनायासे लाभते. पुढे तो एका अद्भुत भूमीत जाऊन पोहोचतो. तेथे त्याच्या बधिर शरीरात संवेदना परतते. आणि हे सारे स्वप्न आहे असे मानणारा हा पुरुष, आपल्याला साहाय्य करणाऱ्या लीना या कोवळ्या वयाच्या मुलीवर बलात्कार करतो. करुणेचा धागा येथे तुटतो, आणि तो तुटावा हेच योग्य होय.

तथापि वाचन थांबत नाही. ‘सहानुभूती’ या शब्दाला व्यवहारात दया, कणव असा अर्थ आला आहे. परंतु त्याचे घटक पाहता तो ‘सोबत अनुभवणे’ एवढेच सांगतो. अनुमोदन त्यात अंतर्भूत नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वत्वाचे भान सोडीत नाही. प्रिय नायकाच्या बाबतीत हे भान सुप्त राहिले तरी चालते. कव्हनंटच्या बाबतीत ते सदैव जागे ठेवावे लागते.

कादंबरीत या अवस्थेचे मूर्त रूपही आहे. ते म्हणजे लीनाची आई अटिअरन. कन्येवरील अत्याचार वाटेत कळल्यानंतरही ती कव्हनंटची वाटाडी राहते. कारण त्याच्याजवळचा निरोप पोहोचण्यावर भूमीचे रक्षण अवलंबून आहे. ती त्याला क्षमा मात्र करीत नाही. अखेर नदीकाठी एका महाकायाच्या स्वाधीन करून ती त्याला सोडून जाते. वाचकाची वाटचाल याहून निराळी नसते.

एक आक्षेप उरतोच. निवेदन कव्हनंटच्या जाणिवेला धरून चालते. त्यामुळे अपराध्याची टोचणी विस्ताराने येते, लीनाचे दुःख ओझरते. तेव्हा दोष नायकाच्या अप्रियतेत नसून अवधानाच्या या विषम वाटणीत आहे. अप्रिय नायकाला वाचक सोबत देऊ शकतो. पीडितेला ती देण्यास त्याला वाव ठेवणे हे लेखकाचे काम होय.