इंग्रजी वाक्प्रचारांतील शर्यत : अर्थ आणि दृष्टिकोन

प्रस्तावना :
वाक्प्रचार हे समाजाच्या जीवनव्यवहाराचे संचित असते. इंग्लंडमध्ये १८ व्या शतकात घोड्यांच्या शर्यतींना संस्थात्मक रूप आले. सेंट लेजर (१७७६), ओक्स (१७७९) व डर्बी (१७८०) या शर्यती त्याच काळातील होत. या मैदानावरील बोली पुढे राजकारण व व्यापार या क्षेत्रांत शिरली. आपल्याकडे मात्र हे वाक्प्रचार अर्थासह पाठ करावयाची यादी म्हणून शिकविले जातात. या पद्धतीत अर्थ मिळतो, पण दृष्टिकोन हरवतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
बोलणारा मैदानात कोठे उभा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. 'विन हँड्स डाऊन' यात स्वार दिसतो. विजय निश्चित झाल्यावर तो हात खाली घेऊन लगाम सैल सोडतो. 'डार्क हॉर्स' ही मात्र पैज लावणाऱ्याची भाषा आहे. येथे 'डार्क' म्हणजे काळा नव्हे, तर ज्याची कुवत लोकांना अज्ञात आहे असा. डिझरेली यांच्या 'द यंग ड्यूक' (१८३१) या कादंबरीत हा प्रयोग शर्यतीच्या संदर्भातच येतो. पुढे तो निवडणुकीत रूढ झाला. १८४४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची अनपेक्षित उमेदवारी मिळालेले जेम्स पोक हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'ऑल्सो रॅन' हा निकालपत्रातील शब्द. धावलेल्या, पण क्रमांक न मिळालेल्या घोड्यांची ती एकत्रित नोंद असते.

'हँडिकॅप' या शब्दाचा प्रवास सर्वाधिक बोलका आहे. टोपी पुढे करून भीक मागण्याशी त्याचा संबंध जोडला जातो, तो निराधार आहे. मूळ शब्द १७ व्या शतकातील वस्तुविनिमयाच्या एका खेळातला. त्यात पंच दोन वस्तूंच्या किमतीतील फरक ठरवी. शर्यतीत तो आला तेव्हा सरस घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांना समान संधी देण्याची ती रीत ठरली. म्हणजे भार बलवानावर होता. २० व्या शतकात हाच शब्द शारीरिक अपंगत्वासाठी वापरला जाऊ लागला. पंचाची समन्यायी योजना विस्मृतीत गेली आणि उणीव व्यक्तीच्या देहाला चिकटली.

मराठीतही शर्यतीचे शब्द आहेत, पण त्यांचा रोख निराळा आहे. 'घोडामैदान जवळ असणे' यात प्रतिस्पर्धी महत्त्वाचा नसून बढाईची कसोटी महत्त्वाची आहे. 'अहमहमिका' हा शब्द तर स्पर्धेतील 'मी'पणावरच बोट ठेवतो.

असे वाक्प्रचार ही मृत रूपके आहेत, त्यांची चिकित्सा कशाला, असा आक्षेप संभवतो. लेकॉफ व जॉन्सन यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, रोजच्या बोलण्यातील रूपके विचारालाच आकार देतात. निवडणुकीच्या काळात आपली वृत्तपत्रे 'मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत कोण?' असे विचारतात, तेव्हा मतदार नकळत पैज लावणारा होतो. कोण पुढे, एवढेच उरते. कशासाठी, हा प्रश्न मागे पडतो.

निष्कर्ष :
१) वाक्प्रचार शिकविताना अर्थाबरोबर त्यामागील मैदानही दाखवावे.
२) भाषांतरकाराने शब्दापूर्वी बोलणाऱ्याची जागा ओळखावी, अन्यथा 'डार्क हॉर्स' हा केवळ 'काळा घोडा' होतो.
३) उसना शब्द वापरण्यास हरकत नाही, मात्र त्याबरोबर उसनी दृष्टी येते, याचे भान अध्यापकाने तरी सोडू नये.