‘माय ब्रदर निखिल’ : एक साक्ष आणि तिची उणीव

कलाकृतीने शिकवावे की रिझवावे, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. परंतु ज्या विषयासंबंधी घरातील वडीलधारी मंडळी मौन पाळतात आणि शिक्षक पान उलटून पुढे जातात, त्यावरील चित्रपटाकडून केवळ रंजनाची अपेक्षा धरून भागत नाही. ओनीर यांचा २००५ सालचा हिंदी चित्रपट ‘माय ब्रदर निखिल’ या कसोटीवर पाहण्याजोगा आहे.

त्याचे बीज गोमंतकातीलच. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्यास एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे आढळले, तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने मात्र विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. १९९२ साली डॉमिनिक निवर्तला.

चित्रपटातील निखिल हा जलतरणपटू आहे. संघ त्याला वगळतो, आईबाप घराबाहेर काढतात; बहीण अनामिका आणि जिवलग नायजेल तेवढे त्याला अंतर देत नाहीत. निखिल व नायजेल यांचे प्रेम दिग्दर्शकाने गवगवा न करता, संयमाने दाखविले आहे. त्याच्या भोवतालची माणसे प्रेक्षकांकडे पाहून बोलतात, ती जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहूनच. आरोप निखिलवर असतो. हळूहळू आरोपी ठरतो तो समाज. हे यश मोठे आहे.

उणीव आहे ती अन्यत्र. कथेचा काळ १९८७ ते १९९४ हा आहे आणि एकत्रित औषधांचा प्रभावी उपचार आला तो १९९६ च्या सुमारास. त्यामुळे ‘ही लागण म्हणजे मरण’ असा ग्रह घेऊन आजचा तरुण उठण्याचा संभव आहे. त्या काळी ते खरे होते, आज नाही. एच.आय.व्ही. हा विषाणू आहे. उपचाराअभावी त्याने शरीराची प्रतिकारशक्ती खचली, की जी अवस्था येते ती एड्स. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त वा सुई, आणि आईकडून बालकास, या वाटांनी तो शिरतो. स्पर्शाने, पंगतीला शेजारी बसल्याने, देवळाच्या तळीत एकत्र पोहल्याने वा डास चावल्याने तो पसरत नाही. निरोधाचा योग्य वापर आणि वेळेवर तपासणी हे बचावाचे मार्ग होत. सरकारी केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके उणे राहिले, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही.

कायदाही पालटला आहे. २०१७ च्या अधिनियमाने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, संमतीवाचून तपासणी करणे आणि नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभाव करणे निषिद्ध ठरविले. निखिलला जे मिळाले नाही, ते आज हक्क म्हणून मागता येते. पण हक्क ठाऊकच नसेल, तर तो मागणार कोण?

विषाणू कोणाचे कुळ पाहत नाही, की चारित्र्याचा दाखला मागत नाही. म्हणून हा चित्रपट आपल्या देवस्थानांच्या सभागृहांतून तरुणांना अवश्य दाखवावा. मात्र तो संपून दिवे लागताच त्यांना घरी धाडू नये. एखाद्या जाणत्या डॉक्टरांना व्यासपीठावर बसवावे आणि मुलामुलींना निःसंकोच प्रश्न विचारू द्यावेत. करुणा चित्रपटाने दिली आहे; ज्ञान देण्याचे काम आपल्याकडे उरले आहे.