फोटोत विमान दिसलं म्हणजे माणूस वैमानिक होत नाही

घरातल्या जुन्या फोटोंवरून एखाद्या नातेवाइकाची लष्करातली कारकीर्द नव्यानं उभी करायची, हा प्रकार आता चांगलाच रुळलाय. पेटीत अल्बम सापडतो, कुणीतरी तो स्कॅन करतं, खाली ओळी लिहितं आणि ती पीडीएफ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. आज अशाच एका पीडीएफबद्दल लिहितोय. ती आमच्याच हदगावच्या घरची आहे. माझे चुलत आजोबा, म्हणजे आमचे आबा, नौदलाच्या विमान शाखेत होते. दादानं त्यांचे फोटो जमवून छान मांडलेत. मेहनतीबद्दल शंका नाही, पण फोटोंखालच्या ओळी टिकतात का ते तपासायला हवं.

पहिली ओळ: ‘गोवा, १९६१’. फोटोत नारळाची झाडं आणि मागं जेट विमान. आता बघा, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. नौदलाचा ‘हंसा’ हा विमानतळ त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सुरू झाला, पण कोइमतूरजवळ सुलूरला. तो गोव्यात दाभोळीला आला १९६४ मध्ये. म्हणजे एकतर साल चुकलंय किंवा गाव. नारळ दोन्हीकडं आहेत, त्यामुळं झाडावरून काही ठरत नाही.

दुसरी ओळ: ‘विक्रांतवर, १९७१च्या युद्धात’. विक्रांत नौदलात दाखल झाली ४ मार्च १९६१ला. तिच्या डेकचं पुढचं टोक तेव्हा सपाट होतं. विमानाला वर उचलून देणारा चढ तिथं बसवला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. फोटोतलं टोक सपाट आहे. शेजारचं विमान सी हॉक आहे, आणि ती विमानं विक्रांतवर १९७८ पर्यंतच होती. म्हणजे हा फोटो १९६१ ते १९७८ मधला, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. सी हॉकनी ४ डिसेंबर १९७१ला विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले हे खरं आहे. पण युद्ध चाललं दोन आठवडे, आणि आपल्या हातात आहेत सतरा वर्षं. प्रयोगशाळेत मी एवढ्या फरकावर असा निष्कर्ष काढला असता, तर गाइडनं कागद परत केला असता.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची: ‘आमचे वैमानिक आबा’. नौदलाचे वैमानिक अधिकारी असतात आणि त्यांच्या गणवेशावर पंखांचं चिन्ह असतं. आबांच्या गणवेशातल्या फोटोत डोक्यावर खलाशाची गोल टोपी आहे, पंख कुठंच नाहीत. एका फोटोत ते नाकावर प्रॉपेलर असलेल्या अलिझे विमानाच्या इंजिनाशी उभे आहेत, अंगात कामाचा डगला, हातात पाना. याच फोटोखाली दादानं लिहिलंय, ‘उड्डाणापूर्वी’. बरोबरच आहे ते, पण उडणार होतं दुसरंच कुणीतरी. आजी तर कायम सांगायची, ‘ते इमानं नीट करायचे.’ तिला कुणी विचारलंच नाही.

यावर दादाचं म्हणणं असं, की पोरांना अभिमान वाटावा म्हणून ‘वैमानिक’ लिहिलं, बिघडलं कुठं? बिघडतं ते सांगतो. १८ मे १९६१ला विक्रांतवर सी हॉक उतरवणारे पहिले भारतीय आर. एच. ताहिलियानी. त्यांचं नाव इतिहासात नोंदलंय, ते पुढं नौदलप्रमुखही झाले. पण ती विमानं उडण्याजोगी ठेवणारे शेकडो हात होते. जहाजावर खारं वारं धातूला खातं, आणि उतरताना विमान डेकवरच्या तारेला हुक अडकवून झटक्यात थांबतं. हे सगळं सोसून विमान पुन्हा उडतं ते या लोकांमुळं. त्यांची नावं पुस्तकांत फारशी येत नाहीत, ते उरतात घरच्या अल्बममध्येच. तिथंही आपण त्यांना वैमानिक करून टाकलं, तर त्यांनी खरं केलेलं काम कुठंच राहत नाही. ‘मेकॅनिक’ म्हटल्यानं आबा लहान होतात असं ज्याला वाटतं, त्यानं स्वतःच्या गाडीचा ब्रेक कोण बघतो ते आठवावं.

पीडीएफची आणखी एक खोट म्हणजे फोटोंची मागची बाजू स्कॅनच केलेली नाही. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, पेनानं लिहिलेली तारीख हे सगळं तिथं असू शकतं. कडाही कापल्यात आणि मूळ अल्बममधला क्रमही बदललाय.

तुमच्या घरी असे फोटो असतील तर आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. मग टोपी, विमान आणि डेक पाहा, मगच साल लिहा. विमान ओळखू येत नसेल तर गोव्यात दाभोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत. विक्रांत मात्र २०१४ मध्ये भंगारात गेली, तिथं जाऊन आता काही ताडता येणार नाही. नोकरीचे आणि पेन्शनचे कागद घरात असतील तर ते फोटोंच्या आधी वाचा.

दादाला मी सुचवलेली ओळ अशी आहे: ‘विक्रांत, १९६१ ते १९७८च्या दरम्यान. सी हॉकजवळ आबा, विमानांची देखभाल करणारे नौसैनिक.’ तो म्हणतो, फार कोरडी आहे. असू दे की, निदान पोरं ती शाळेत छातीठोकपणे सांगू शकतील.